जोड चांगला आहे का? तोडून बघा

माझ्याकडे वेल्डिंग शिकायला येणारी पोरं पहिल्या महिन्यात बीड, म्हणजे जोडावर वितळून बसलेल्या धातूची रेघ, दाखवायला आणतात. माशाच्या खवल्यांसारखी, एकसारखी, सुरेख. मी ती व्हाइसमध्ये धरते आणि हातोडा त्यांच्याच हातात देते.

मला हे कोणी पुस्तकातून शिकवलं नाही. सुरुवातीच्या दिवसांत मी मिग मशीनवर (यात रॉडऐवजी तार आपोआप पुढे येते) केलेला एक जोड असाच मोडला होता. बीड जशीच्या तशी उखडून आली आणि खाली प्लेटवर करवतीच्या रेघाही शाबूत होत्या. म्हणजे वरचा धातू प्लेटवर नुसता टेकला होता, प्लेट वितळलीच नव्हती. जाड प्लेट, कमी व्होल्टेज, तार पुढे टेकून टेकून तुटणारा आर्क (धातू वितळवणारी विजेची ठिणगी). असा जोड बाहेरून कधीच पकडला जात नाही. तेव्हापासून कुठलीही पद्धत 'चांगली' म्हणायच्या आधी मी तिचे तुकडे करते.

त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. व्हाइस, करवत, ग्राइंडर, क्लॅम्पमीटर, घड्याळ आणि वही, एवढं पुरतं.

१० मिमी माइल्ड स्टीलच्या पट्ट्या घ्या, सगळ्या एकाच प्लेटमधून कापलेल्या. दोन पट्ट्या उलट्या टी आकारात उभ्या-आडव्या ठेवून टाके मारा आणि फक्त एकाच बाजूने १५० मिमी फिलेट वेल्ड, म्हणजे कोपऱ्यातला वेल्ड, घाला. दुसरी बाजू मोकळीच सोडायची. मधोमध मुद्दाम थांबा, स्लॅग (बीडवर जमणारं काचेसारखं कवच) झाडा आणि पुन्हा आर्क लावा. आर्क जिथे थांबतो आणि परत लागतो तिथेच निम्मे दोष लपलेले असतात, म्हणून चाचणीत ती जागा हवीच.

आता बदल करायचा, पण एका वेळी एकच. ७०१८ (कमी हायड्रोजनचा वेल्डिंग रॉड) चा ३.१५ मिमी रॉड असेल तर ९०, ११५ आणि १४० अँपिअर अशा तीन खुणा धरा. प्रत्येक खुणेवर तीन नमुने, कारण हात रोज सारखा चालत नाही. एकाच नमुन्यावरून निष्कर्ष काढणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांना आणखी दोन करायला सांगते. नमुन्यांवर पंचने नंबर ठोका आणि कुठला नंबर किती अँपिअरचा ते फक्त वहीत ठेवा. तोडणाऱ्याला ते कळता कामा नये, नाहीतर डोळे आधीच ठरवून बघतात.

मशीनच्या डायलवर विश्वास ठेवू नका, करंट क्लॅम्पमीटरने मोजा. व्होल्टेज आर्क चालू असताना घ्या आणि आर्क चालू असलेले सेकंद मोजा. यातून दर मिलिमीटरला किती उष्णता गेली ते निघतं: व्होल्ट गुणिले अँपिअर गुणिले सेकंद, भागिले बीडची लांबी मिलिमीटरमध्ये. २४ व्होल्ट, ११५ अँपिअर, ६० सेकंदांत १५० मिमी, म्हणजे दर मिलिमीटरला ११०४ ज्यूल. रॉडच्या वेल्डिंगमध्ये यातली साधारण ८० टक्के उष्णता कामात जाते असं धरतात, म्हणजे सुमारे ०.८८ किलोज्यूल. हा आकडा वहीत असला की दोन वेल्डर, दोन मशीन, दोन पद्धती यांची तुलना करता येते. नुसतं 'करंट जास्त होता' याने काही कळत नाही.

तोडताना उभी पट्टी वेल्डच्या अंगावर पाडा, म्हणजे मोकळ्या बाजूने रूट, म्हणजे वेल्डचं मूळ, उघडतो. मग भिंग घेऊन बसा. गोल भोकं दिसली तर पोरोसिटी: ओल, तेल, गंज, लांब आर्क किंवा वाऱ्याने उडालेला गॅस. काचेसारखी काळी रेघ म्हणजे अडकलेला स्लॅग. कोपऱ्यात मूळ धार जशीच्या तशी असेल तर वर सांगितलेली माझी गोष्ट. नमुना तुटलाच नाही, नुसता वाकून सपाट झाला, तर वेल्डरला चहा पाजा.

आतलं बघायचं तर दुसऱ्या नमुन्याचा आडवा काप घ्या, पॉलिश पेपरने ६०० नंबरपर्यंत घासा आणि ५ टक्के नायटल लावा. हे नायट्रिक ॲसिड आणि अल्कोहोलचं मिश्रण असतं. तयार विकत घ्या, चष्मा आणि हातमोजे घाला, हवा खेळती ठेवा. काही सेकंदांत वेल्डचा धातू वेगळा दिसतो आणि त्याच्या कडेने गडद पट्टा उमटतो. तो पट्टा वितळला नाही, पण तापून बदलला. मला खरी काळजी त्याचीच असते.

कारण जाड किंवा जास्त कार्बनच्या पोलादात तो पट्टा झटकन गार झाला की कडक होतो. त्यात रॉडच्या ओलीतून हायड्रोजन शिरला आणि जोडावर ताण असला की तडा जातो, तोही लगेच नाही. संध्याकाळी पास केलेल्या एका जोडाच्या कडेला दुसऱ्या दिवशी केसाएवढी रेघ मी स्वतः पाहिली आहे. रॉडचा डबा आधल्या दिवसापासून उघडा होता. साध्या पोलादात या पट्ट्याचा कडकपणा ३५० विकर्सच्या (कडकपणा मोजायचं माप) वर गेला की मी सावध होते.

पोलाद कितपत हट्टी आहे हे आधीच काढता येतं. टेस्ट सर्टिफिकेटवरच्या टक्क्यांतून कार्बन, अधिक मँगनीजचा सहावा भाग, अधिक क्रोमियम-मॉलिब्डेनम-व्हॅनेडियमच्या बेरजेचा पाचवा, अधिक निकेल-तांब्याच्या बेरजेचा पंधरावा. बेरीज ०.४ च्या आसपास किंवा वर आली, शिवाय प्लेट जाड असली, तर प्रीहीटचा, म्हणजे वेल्डच्या आधी प्लेट तापवण्याचा, विचार करा आणि तापमान जोडापासून ७५ मिमी दूर मोजा. ७०१८ चे रॉड डब्यातून काढले की १२० अंशांच्या ओव्हनमध्ये. ओलसर वाटले तर उत्पादकाने सांगितलेल्या तापमानाला पुन्हा भाजा.

एक इशारा: प्लेट पुसायला क्लोरीनयुक्त क्लीनर वापरू नका. त्याच्या वाफेवर आर्क लागला तर फॉस्जीन हा विषारी वायू होतो. साधा ॲसिटोन वापरा आणि तो पूर्ण उडून जाऊ द्या.

आणि तडा उशिरा जातो, म्हणून हट्टी पोलादाचा नमुना वेल्ड करून लगेच कापायचा नाही. ४८ तास तसाच ठेवा, मग करवत लावा.