कराटेच्या सरावात मन सुटतं कुठे? या चुका टाळा

नवा विद्यार्थी पहिल्या महिन्यातच विचारतो, "सर, ब्लॅक बेल्टला किती दिवस लागतील?" मला या प्रश्नाचा मनापासून त्रास होतो. हात-पाय कधी ना कधी वळणावर येतात, पण सरावात मन कुठे फिरतंय हे कुणी बघतच नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ठोसा लागला की लक्ष सोडून देणं. तंत्र पूर्ण झाल्यावरही जे भान मागे उरायला हवं, त्याला जपानीत झानशिन म्हणतात. केंडोमध्ये, म्हणजे जपानी तलवारबाजीत, फटका अचूक बसला आणि पुढे सावधपणा दिसला नाही, तर गुण मिळत नाही. हात उंचावून आनंद दाखवला, तर मिळालेला गुणही रद्द होऊ शकतो.

मला हे मार खाऊन कळलं. ब्राउन बेल्टवर असताना एका स्पर्धेत माझा ग्याकु-झुकी (मागच्या हाताचा ठोसा) समोरच्याच्या पोटावर स्वच्छ बसला. मी लगेच मान वळवून रेफ्रीकडे पाहिलं. 'यामे', म्हणजे थांबण्याची आज्ञा, अजून झाली नव्हती. तेवढ्यात त्याची मावाशी-गेरी (गोल फिरवून मारलेली किक) जबड्यावर आली. चार दिवस घास चावताना कळ यायची. तशी किक मी सरावात रोज अडवत होतो, त्या क्षणी मात्र माझं लक्ष मॅटवर नव्हतं.

तेव्हापासून माझी सवय ठरली आहे: तंत्र संपलं तरी एक श्वास पूर्ण बाहेर जाईपर्यंत गार्ड आणि नजर हलवायची नाही. कातामध्येही, म्हणजे एकट्याने करायच्या ठरलेल्या हालचालींच्या क्रमातही, हेच. हेयान शोदानमध्ये 21 हालचाली आहेत. शेवटची झाली रे झाली की खांदे पडतात, शुतोची, म्हणजे सुरीसारख्या ताठ हाताची, बोटं सैल होतात, डोळे आरशाकडे वळतात. तिथेच मी मुलांना उभं ठेवतो. 'यामे' कधी 3 सेकंदांनी म्हणतो, कधी 15.

दुसरी चूक आकड्यांची. "आज शंभर किक मारल्या," असं अभिमानाने सांगतात, पण साठावी कशी गेली ते आठवत नाही. मी दहा-दहाच्या फेऱ्या करतो आणि एका फेरीत एकच गोष्ट बघतो. आधी उभ्या पायाची टाच, मग गुडघ्याची उंची, मग पाय मागे ओढणं. लक्ष उडालं की ती फेरी पुन्हा एकपासून. अशा तीस किक माझ्या मते बेभान शंभरांपेक्षा कितीतरी मोलाच्या आहेत.

व्हिडिओ बघून आठवड्याला एक काता 'पाठ' करणाऱ्यांबद्दल काय बोलावं? आधुनिक कराटेचे प्रणेते गिचिन फुनाकोशींनी नाइहांचीच्या तीन कातांसाठी सुमारे दहा वर्षं दिली होती.

कुमितेत (समोरासमोरच्या लढतीत) मुठीकडे बघू नका. नजर छातीच्या वरच्या भागावर ठेवली की हात-पाय दोन्ही दिसतात. मन समोरच्याच्या तलवारीवर अडकलं की ती तलवारच त्याचा ताबा घेते, असं 17व्या शतकात झेन भिक्षू ताकुआन सोहो यांनी तलवारबाज याग्यू मुनेनोरींना लिहून कळवलं होतं. मुठीचंही तेच होतं.

'मारू की नको' असा अर्धवट हल्ला करू नका. केंडोत मनाचे चार आजार सांगतात: दचकणं, भीती, शंका आणि गोंधळ. त्यातली शंका नवशिक्यांना सर्वांत जास्त नडते. निघालात तर पूर्ण जा.

श्वास कोंडून ठेवू नका. मार लागला म्हणून वचपा काढायला धावू नका.

आणि मोकुसो, म्हणजे डोळे मिटून करायचं ध्यान, हा विश्रांतीचा मिनिट नव्हे. डोळे मिटून बसलात की बाहेर जाणारे श्वास दहापर्यंत मोजा. चुकलात तर परत एक. सुरुवातीला बहुतेकजण चार-पाचलाच हरवतात, आणि त्यात वाईट काही नाही. दहापर्यंत पोचला नाही तोवर मात्र मी कुणालाही पुढचा काता दाखवत नाही, पालकांनी कितीही घाई केली तरी.