कक्षेतली भेट का हुकते? कर्बल स्पेस प्रोग्रॅममध्ये या चुका टाळा

दुसरं यान चाळीस किलोमीटर पुढे आहे, पडद्यावर त्याची चौकट स्पष्ट दिसतेय, टाकीत इंधनही आहे. आपण यानाचं नाक त्या चौकटीकडे वळवतो आणि थ्रॉटल उघडतो. सुरुवातीला अंतर कमी होतं, जीव सुखावतो. मग ते कमी व्हायचं थांबतं, आणि थोड्या वेळानं वाढायला लागतं. आपण आणखी जोर लावतो, मग घाबरून ब्रेक मारतो. टाकी रिकामी होते तेव्हा दोन्ही यानं एकमेकांपासून शेकडो किलोमीटर दूर असतात. कर्बल स्पेस प्रोग्रॅम या यानं बांधून उडवायच्या संगणक-खेळात पहिल्यांदा राँदेव्हू, म्हणजे कक्षेतली भेट, करायला निघालेल्या बहुतेकांची संध्याकाळ अशीच जाते. माझ्याही अशा तीन-चार गेल्या.

हीच चूक खऱ्या अंतराळातही झालेली आहे. जून 1965 मध्ये नासाच्या जेमिनी 4 यानाच्या उड्डाणात अंतराळवीर जेम्स मॅकडिव्हिट यांनी स्वतःच्याच टायटन रॉकेटच्या सुटून मागे राहिलेल्या टप्प्याजवळ जायचा प्रयत्न केला. यानात रडार नव्हतं, सगळा भरवसा डोळ्यांवर. ते टप्प्याकडे नाक करून जोर लावत, आणि टप्पा आणखी दूर जाई. इंधन भराभर संपायला लागल्यावर प्रयत्न सोडून द्यावा लागला. वैमानिक म्हणून ते अव्वल होते, पण विमान उडवून अंगात भिनलेली सवय कक्षेत उलटी पडते.

असं का होतं, हे एकदा आकड्यांत पाहिलं की ते डोक्यातून जात नाही. कर्बिन या खेळातल्या ग्रहाभोवती 100 किलोमीटर उंचीच्या गोल कक्षेत यानाचा वेग सेकंदाला सुमारे 2246 मीटर असतो आणि एक प्रदक्षिणा 1958 सेकंदांत होते, म्हणजे साडेबत्तीस मिनिटांहून थोडं जास्त. समजा लक्ष्य याच कक्षेत तुमच्या 40 किलोमीटर पुढे आहे. तुम्ही पुढच्या दिशेनं, म्हणजे प्रोग्रेड, सेकंदाला 30 मीटरचा जोर दिलात. वेग वाढला खरा, पण त्याबरोबर कक्षेची पलीकडची बाजू वर उचलली गेली. कक्षा मोठी झाली, तिची प्रदक्षिणा सुमारे 82 सेकंदांनी लांबली. फेरी मारून त्याच जागी परत याल तेव्हा लक्ष्य तिथून 82 सेकंद आधीच गेलेलं असेल. त्याच्या वेगानं 82 सेकंद म्हणजे 180 किलोमीटरहून जास्त. आधीचे 40 आहेतच. गाठायला निघालात आणि सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास मागे पडलात.

आता उलटं करून पाहा. मागच्या दिशेनं, रेट्रोग्रेड, फक्त सेकंदाला 7 मीटर. कक्षा किंचित लहान होते, पलीकडची बाजू 91 किलोमीटरच्या आसपास उतरते आणि प्रदक्षिणा सुमारे 18 सेकंदांनी आटोपते. एका फेरीत तुम्ही ते चाळीस किलोमीटर भरून काढता. परत त्या बिंदूवर आलात की तेवढाच जोर पुढच्या दिशेनं द्यायचा, की तुम्ही लक्ष्याच्या शेजारी, त्याच्याच कक्षेत. सगळा खर्च, म्हणजे वेगातला एकूण बदल, सेकंदाला 14 मीटर. ब्रेक मारून पुढच्याला गाठायचं हे पहिल्यांदा मनाला पटत नाही, म्हणून एकदा मुद्दाम सेव्ह करून दोन्ही प्रकार करून पाहा. खालची बाजू मात्र 70 किलोमीटरच्या वर राहू द्या. त्याखाली वातावरण आहे आणि तिथे गेलात की सगळं गणित बिघडतं.

(शेवटच्या दोनेक किलोमीटरमध्ये सरळ लक्ष्याकडे जाणं चालतं. तिथे वेळच इतका थोडा लागतो की कक्षेचा वाक जाणवत नाही. गैरसमज होतो तो इथूनच: जवळ चाललं, म्हणून लांबूनही चालेल असं वाटतं.)

कल न जुळवता निघणं

नकाशात दोन कक्षा एकमेकींवर बसल्यासारख्या दिसतात आणि आपण पुढे निघतो. नकाशा आडवा फिरवून कडेनं बघा. लक्ष्य निवडल्यावर दोन कक्षा एकमेकींना छेदतात त्या जागी दोन खुणा येतात, त्यांवर कलातला फरक अंशांत लिहिलेला असतो. एक अंश म्हणजे किरकोळ वाटतं, पण 100 किलोमीटरच्या कक्षेत एक अंश म्हणजे आडव्या दिशेनं 12 किलोमीटरपर्यंतचा फरक, आणि तो मिटवायला सेकंदाला 39 मीटर लागतात. तुलनेसाठी सांगतो, 80 किलोमीटरच्या गोल कक्षेतून 100 च्या गोल कक्षेत जायचा सगळा खर्च सेकंदाला 33 मीटर आहे. म्हणजे उंची बदलण्यापेक्षा एक अंश महाग! चढत्या खुणेवर अँटीनॉर्मल, उतरत्या खुणेवर नॉर्मल (दोन्ही कक्षेच्या प्रतलाला काटकोनातल्या दिशा) जोर द्या आणि आकडा शून्यावर आणा. त्याहून स्वस्त उपाय उड्डाणाच्या वेळीच असतो: लक्ष्य विषुववृत्तीय कक्षेत असेल तर सरळ पूर्वेला, 90 अंशांवर निघा आणि चढताना दिशा ढळू देऊ नका.

वाट न बघणं

खालच्या कक्षेत थांबायला इंधन लागत नाही. 80 किलोमीटरवर प्रदक्षिणा 1875 सेकंदांची, 100 वर 1958 ची. दर फेरीला 83 सेकंदांचा, म्हणजे सुमारे 15 अंशांचा फायदा आपोआप मिळत राहतो. खेळातला वेळ भरभर पळवणारा टाइम वॉर्प लावा आणि लक्ष्य तुमच्या पुढे साधारण चार अंशांवर यायची वाट बघा. तेव्हा वर जायचा जोर दिलात की दोघं एकाच वेळी वर पोचता. हे अंश मोजत बसायची गरज नाही. नकाशात मॅन्यूव्हर नोड (पुढच्या जोराची आखणी) लावा, तो कक्षेवर पुढेमागे सरकवा आणि जवळच्या अंतराच्या खुणा एकमेकींवर येईपर्यंत बघत राहा.

नोड सरकवूनही खुणा जवळ येत नसतील तर नोडमध्ये चूक नाही, वेळ अजून आलेली नाही. नोडवर उजवं क्लिक करून तो एक-दोन फेऱ्या पुढे ढकला. आणि खुणाच दिसत नसतील तर बहुधा तुमची नियोजित कक्षा लक्ष्याच्या कक्षेपर्यंत पोचतच नाहीये, जोर थोडा वाढवा. तुम्ही लक्ष्याच्या थोडे पुढे असाल तर खाली राहून जवळजवळ पूर्ण वेढा घालण्यात अर्थ नाही. उलट त्याच्या वर, 150 किलोमीटरवर जा आणि त्याला खालून येऊ द्या.

15 डिसेंबर 1965 ला वॉल्टर शिरा आणि टॉमस स्टॅफर्ड यांनी जेमिनी 6 मधून जेमिनी 7 ला असंच गाठलं. खालच्या कक्षेतून हळूहळू जवळ येत, उड्डाणापासून जवळपास सहा तासांनी. मग ती दोन यानं फूटभर अंतरापर्यंत शेजारी उडली. मॅकडिव्हिट यांच्या प्रयत्नाला तेव्हा सहाच महिने झाले होते. मधल्या काळात बदलली ती पद्धत, आणि मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत आवडतं पान हेच आहे.

अंतराकडे बघणं, सापेक्ष वेगाकडे न बघणं

आता मुख्य चूक. नोड बरोबर लागला, खुणा 300 मीटरवर आल्या, आपण खूश. ठरलेल्या क्षणी लक्ष्य समोरून सर्रकन निघून जातं.

हायवेवर दोन स्कूटरवाले ताशी साठच्या वेगानं शेजारी शेजारी गप्पा मारत जातात. बोलणं होतं ते दोघांचा वेग एक आहे म्हणून. समोरून येणाऱ्या ओळखीच्या माणसाशी, तो हातभर अंतरावरून गेला तरी, बोलता येत नाही. कक्षेतही अंतर शून्य करणं हे अर्धंच काम आहे. उरलेलं अर्धं म्हणजे लक्ष्याच्या तुलनेतला वेग शून्य करणं, आणि नवखा माणूस नेमकं तेच विसरतो.

नेव्हबॉलच्या (पडद्यावरच्या दिशादर्शक गोळ्याच्या) वर वेगाचा आकडा असतो. त्यावर क्लिक केलं की तो 'सरफेस', 'ऑर्बिट', 'टार्गेट' असा बदलतो. जवळ आल्यावर तो 'टार्गेट'वर हवा. 'टार्गेट' येतच नसेल तर लक्ष्य निवडायचं राहिलंय. 'ऑर्बिट'वर ठेवून रेट्रोग्रेड जोर दिलात तर तुम्ही लक्ष्याच्या तुलनेत नव्हे, कर्बिनच्या तुलनेत ब्रेक मारताय, आणि सरळ खाली जाल. मदत मागणाऱ्या अर्ध्या लोकांची अडचण या एका क्लिकनं सुटते असं माझं मत आहे.

दुसरं, ब्रेक कधी सुरू करायचा? 80 वरून 100 ला नीट गेलात तर भेटीच्या वेळी सापेक्ष वेग सेकंदाला जेमतेम 16 मीटर असतो, तो सहज मारता येतो. पण वाकड्या कक्षेतून आलात तर तो 100 ही असू शकतो. यानाचं त्वरण सेकंदाला 5 मीटर प्रतिसेकंद असेल तर 100 चा वेग मारायला 20 सेकंद लागतात आणि तेवढ्यात यान एक किलोमीटर पुढे गेलेलं असतं. लक्ष्य 300 मीटरवर आल्यावर ब्रेक मारणाऱ्याला ते कसं थांबणार? यान जड आणि इंजिन लहान असेल तर हे अंतर आणखी वाढतं. जवळच्या क्षणाच्या आधी, लागणाऱ्या वेळाच्या निम्म्या वेळेवर जोर सुरू करा.

तिसरी गोष्ट शिकायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. ब्रेक मारताना नाक रेट्रोग्रेड खुणेवर बरोबर मध्यभागी ठेवलं की वेग कमी होतो, पण दिशा सुधारत नाही. रेट्रोग्रेड खूण नाकापासून दूर ढकलली जाते. म्हणून नाक असं धरा की रेट्रोग्रेड खूण तुमचं नाक आणि अँटीटार्गेट खूण (लक्ष्याच्या बरोबर विरुद्ध दिशेची) यांच्या मधे येईल. जोर दिलात की ती अँटीटार्गेटकडे सरकते. दोन्ही खुणा एकमेकींवर बसल्या म्हणजे तुमचा उरलेला सगळा वेग थेट लक्ष्याकडे आहे, बाजूला जरासुद्धा नाही. पुढच्या दिशेनं जोर देताना हेच उलटं: प्रोग्रेड खूण नाकाकडे ओढली जाते. हे हाताला बसलं की पुढचं सगळं सोपं होतं.

आणि टप्प्याटप्प्यानं थांबा. इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेचं उदाहरण बघा. प्रत्येकी सुमारे 220 किलोचे दोन उपग्रह 30 डिसेंबर 2024 ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी60 नं गेले आणि 16 जानेवारी 2025 ला जोडले गेले. मधे ठरावीक अंतरांवर थांबे होते: 5 किलोमीटर, दीड किलोमीटर, 500 मीटर, 225, 15, 3. यानं अपेक्षेपेक्षा जास्त सरकली तेव्हा जोडणी पुढे ढकलली. 12 जानेवारीला ती 3 मीटरपर्यंत आणून पुन्हा मागे घेतली. इतक्या जवळ जाऊन परत फिरायला संयम लागतो, आणि तो वाया गेला नाही. खेळात माझा हिशेब साधारण असा: दोन किलोमीटरवर वेग सेकंदाला 20 मीटर, पाचशे मीटरवर 5, शंभर मीटरवर 1, आणि शेवटी 0.2 ते 0.3. प्रत्येक थांब्यावर वेग शून्य करून एकदा एफ5 दाबून सेव्ह.

एक सावधगिरी टाइम वॉर्पची. सुमारे सव्वादोन किलोमीटरच्या आत आल्यावर दुसरं यान खेळात 'जागं' व्हायला लागतं. वॉर्प चालू ठेवून तिथे शिरलात तर भेटीचा क्षण निघून गेल्यावरच कळतं.

जोडताना अडतंय?

यान बाजूला सरकवताना ते फिरतंही: आरसीएसचे थ्रस्टर (यान हळूच सरकवणारी छोटी इंजिनं) वस्तुमानकेंद्राभोवती समतोल नाहीत. मी एका टँकरवर ते सगळे पुढच्या टोकाला बसवले होते आणि प्रत्येक सरकवणीला नाक वळत होतं. टाकी रिकामी होताना केंद्रही सरकतं, म्हणून बांधणीच्या जागी भरलेली आणि रिकामी, दोन्ही अवस्था तपासा. कॅप्स लॉकनं बारीक नियंत्रण सुरू होतं, आरसीएसचं इंधन, मोनोप्रॉपेलंटही वाचतं.

खुणा जुळल्या तरी यान तिरकं जातंय: पोर्ट, म्हणजे जोडणीचं तोंड, नाकावर नसून कडेला असेल तर त्या पोर्टवर उजवं क्लिक करून 'कंट्रोल फ्रॉम हिअर' निवडा. समोरच्या यानाऐवजी त्याचा नेमका पोर्ट लक्ष्य करा. तो निवडता येण्यासाठी पुरेसं जवळ यावं लागतं.

लक्ष्य यान हळूहळू फिरतंय: त्या यानाचं नियंत्रण घेऊन एसएएस (दिशा स्थिर धरणारी यंत्रणा) लावा. तिथे वीज संपली असेल तर वॉर्पचा एक टप्पा लावून लगेच काढा, फिरणं थांबतं.

पोर्ट टेकले, पण चिकटत नाहीत: आकार वेगळे आहेत का बघा, ज्युनियर आणि मोठा पोर्ट कधीच जुळत नाहीत. झाकण असलेला पोर्ट उघडलाय का? बांधताना पोर्ट उलटा तर लागला नाही? हे सगळं ठीक असेल तर एसएएस बंद करा. दोन्ही यानं आपापली दिशा धरून बसलेली असतात आणि चुंबकाला ओढू देत नाहीत. हात काढून घ्या, काही सेकंद थांबा.

सोडवल्यावर लगेच पुन्हा जोडायला गेलात आणि जमलं नाही, तर पोर्ट बिघडलेला नाही. चुंबक परत चालू होण्यासाठी थोडं मागे सरकावं लागतं. मागे या आणि पुन्हा 0.2 नं आत जा.