लिनक्सवर कॉम्प्रेस केलेली पार्टिशन इमेज माउंट करताना या चुका टाळा

जुन्या बॅकअपमधली एखादी फाइल परत हवी असते, हाती जीझिपने कॉम्प्रेस केलेली पार्टिशन इमेज (डिस्कच्या एका भागाची फाइलमध्ये घेतलेली प्रत) असते, आणि ती फोल्डरसारखी उघडण्यासाठी माउंट कमांड दिल्याबरोबर ‘राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक’ असा संदेश पडद्यावर येतो. या संदेशातून नेमके कारण कळत नाही. इमेज अजून कॉम्प्रेस केलेलीच असली, ती एका पार्टिशनऐवजी संपूर्ण डिस्कची असली, अर्धवट उलगडलेली (डीकॉम्प्रेस केलेली) असली किंवा फाइलसिस्टिम (फाइली मांडून ठेवण्याची रचना) खरोखरच बिघडलेली असली, तरी माउंटचा नकार जवळजवळ याच शब्दांत येतो. बरेच जण यातले शेवटचे कारण गृहीत धरून थेट एफएससीके ही फाइलसिस्टिम दुरुस्त करणारी कमांड चालवायला घेतात, आणि दुरुस्तीच्या नावाखाली बॅकअपची एकुलती एक प्रत बदलून बसतात. वास्तविक अशा वेळी आधी डीमेसेज या कमांडने दाखवलेल्या शेवटच्या काही ओळी वाचाव्यात, कारण माउंट जे सांगत नाही ते कर्नल (लिनक्सचा गाभा) तिथे बऱ्याचदा स्पष्ट लिहितो.

फाइलच्या नावावर विसंबून राहणे ही पहिली चूक होय. नाव कोणीही काहीही ठेवू शकतो, म्हणून आत काय आहे ते ‘फाइल’ या कमांडला विचारावे. कॉम्प्रेस केलेल्या इमेजचा सुरुवातीचा एखादा मेगाबाइट झेडकॅट आणि हेड यांच्या साहाय्याने काढून पाइपमधून याच कमांडकडे दिला, तर संपूर्ण इमेज उलगडण्याआधीच आतला मामला कळतो. उत्तर मात्र पूर्ण वाचले पाहिजे. ‘डॉस/एमबीआर बूट सेक्टर’ एवढे शब्द दिसले की ही संपूर्ण डिस्कची इमेज आहे, असा निष्कर्ष घाईने काढला जातो. परंतु विंडोजमध्ये वापरल्या जाणाऱ्या एनटीएफएस आणि फॅट पार्टिशनांचा स्वतःचा बूट सेक्टरही त्याच खुणेने संपत असल्यामुळे त्यांच्या बाबतीतही हेच शब्द येतात. त्याच ओळीत पुढे ओईएम-आयडी म्हणून एनटीएफएस दिसले, तर ते एकटे पार्टिशन असते; पार्टिशन १, पार्टिशन २ अशी नोंद असेल, तर संपूर्ण डिस्क समजावी.

उलगडताना होणाऱ्या चुका

गनझिप आणि अनएक्सझेड ही साधने काम झाल्यावर मूळ कॉम्प्रेस केलेली फाइल काढून टाकतात, तर झेडस्टँडर्ड ती तशीच ठेवते. हा फरक लक्षात न ठेवणाऱ्याच्या हाती शेवटी फक्त उलगडलेली प्रत उरते. म्हणून पहिल्या दोन्हींना ‘कीप’ हा पर्याय द्यावा, किंवा आउटपुट वेगळ्या फाइलकडे वळवावे. वळवण्यात एक मेख आहे: वाटेत चूक झाली तर गनझिप स्वतः लिहीत असलेली अर्धवट फाइल पुसते, पण शेलने (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) वळवलेली अर्धवट फाइल जागेवरच राहते आणि आकाराने भरीव असल्यामुळे पूर्ण वाटते. लिनक्सच्या एक्स्ट-४ फाइलसिस्टिमची अशी इमेज माउंट करू गेल्यास डीमेसेजमध्ये ‘बॅड जिऑमेट्री’ अशी तक्रार दिसते, कारण सुपरब्लॉकमध्ये (फाइलसिस्टिमची मूलभूत माहिती ठेवणाऱ्या भागात) नोंदवलेल्या ब्लॉकांपेक्षा फाइल लहान भरते. ही तक्रार दिसली की दुरुस्तीच्या वाटेला न जाता पुन्हा उलगडावे.

जागेचा अंदाज घेण्यासाठी जीझिपचा ‘लिस्ट’ पर्याय वापरला जातो. जीझिप स्वरूपात मूळ आकारासाठी फक्त ३२ बिट राखलेले असल्याने ४ जीबी किंवा त्याहून मोठ्या फाइलचा आकार त्यात मावत नाही, आणि जुन्या आवृत्त्या निर्धास्तपणे चुकीचा आकडा दाखवतात. २०२२ मध्ये आलेल्या १.१२ या आवृत्तीपासून हा आकडा बरोबर येतो, मात्र त्यासाठी संपूर्ण फाइल उलगडून बाइट मोजले जातात, म्हणून मोठ्या इमेजवर उत्तराला वेळ लागतो. तसेच उलगडलेली इमेज फॅट-३२ डिस्कवर ठेवण्याचा प्रयत्न करू नये. तिथे एका फाइलची मर्यादा ४ जीबीच्या आतच संपते.

क्लोनझिला या डिस्कचा बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रॅमच्या बॅकअपमध्ये एकाच पार्टिशनचे एए, एबी, एसी असे तुकडे असू शकतात. हे तुकडे म्हणजे स्वतंत्र जीझिप फाइली नव्हेत; एकाच प्रवाहाचे ते क्रमाने केलेले भाग असतात. दुसरा तुकडा एकटा तपासला तर तो जीझिप स्वरूपात नाही असेच उत्तर येणार, आणि त्यावरून बॅकअप खराब आहे असे मानणे चूक ठरेल. सगळे तुकडे कॅटने जोडून तो प्रवाह एकत्रच तपासावा. जोडताना नावाच्या नमुन्याकडे बारकाईने पाहावे: ‘एसडीए१’ (पहिल्या डिस्कचे पहिले पार्टिशन) या अक्षरांनंतर लगेच तारांकन दिले, तर डिस्कवर दहापेक्षा जास्त पार्टिशने असल्यास एसडीए१०, एसडीए११ यांचे तुकडेही त्यात ओढले जातात. एकच्या आकड्यानंतर टिंब देऊन मगच तारांकन द्यावे.

पार्टक्लोनची इमेज थेट माउंट होत नाही

सर्वांत जास्त वेळ इथे वाया जातो. क्लोनझिलाच्या फाइलनावात ‘पीटीसीएल’ ही अक्षरे असतील, तर जीझिपचे आवरण काढल्यावर हाती येते ते पार्टिशनचे जसेच्या तसे रूप नसते, तर क्लोनझिला वापरत असलेल्या पार्टक्लोन या साधनाचे स्वतःचे स्वरूप असते. त्यात शीर्षक, वापरलेल्या ब्लॉकांचा बिटमॅप (नकाशा), फक्त वापरलेले ब्लॉक आणि मधूनमधून चेकसम (पडताळणीचे आकडे) असतात. ब्लॉक आपापल्या मूळ जागी नसल्यामुळे कोणताही ऑफसेट (फाइलच्या सुरुवातीपासूनचे अंतर) देऊन ही फाइल माउंट होणार नाही, आणि तो शोधत बसण्यात अर्थही नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे: उलगडलेल्या प्रवाहाच्या अगदी सुरुवातीलाच ‘पार्टक्लोन-इमेज’ ही अक्षरे वाचता येतात.

उपाय असा की, जोडलेला आणि उलगडलेला प्रवाह पाइपमधून पार्टक्लोनच्या रिस्टोअर साधनाकडे द्यावा आणि ‘रिस्टोअर रॉ फाइल’ हा पर्याय वापरून डिस्कऐवजी साध्या फाइलमध्ये लिहायला सांगावे. लक्ष्य लिहिताना प्रत्यक्ष डिस्कचे नाव चुकून दिले गेले तर ती डिस्क पुसली जाईल, हे एंटर दाबण्यापूर्वी पुन्हा पाहावे. तयार होणारी फाइल मूळ पार्टिशनएवढी दिसते. २०० जीबीच्या पार्टिशनमध्ये ३० जीबीच माहिती असली, तरी एलएस ही कमांड २०० जीबी दाखवणार. घाबरण्याचे कारण नाही, कारण रिकाम्या जागा सहसा डिस्कवर लिहिल्याच जात नाहीत आणि डीयू ही कमांड खरा वापर दाखवते. ही फाइल दुसरीकडे नेताना कॉपी करणाऱ्या साधनाला ती स्पार्स (रिकाम्या जागा प्रत्यक्ष न लिहिता) ठेवण्यास सांगितले नाही, तर मात्र त्या रिकाम्या जागा शून्यांनी भरल्या जाऊन खरोखरच २०० जीबी व्यापले जाऊ शकतात.

ऑफसेट, एलव्हीएम आणि फक्त-वाचन

संपूर्ण डिस्कची इमेज असेल तर एफडिस्कने यादी पाहून पार्टिशनचा आरंभ सेक्टर घ्यावा व त्याला सेक्टरच्या आकाराने गुणावे. आजकालच्या बहुतेक डिस्कवर पहिले पार्टिशन २०४८ पासून सुरू होते, म्हणजे ऑफसेट १०४८५७६ बाइट. जुन्या डिस्कवर ६३ पासून, म्हणजे ३२२५६. गुणाकार न करता सेक्टरचा क्रमांकच ऑफसेट म्हणून देणे ही नेहमीची चूक आहे. खरे तर हा गुणाकार करण्याची गरजच नसते: लॉसेटअप या कमांडला ‘पार्टस्कॅन’ पर्याय दिला की कर्नल स्वतः पार्टिशनांची लूप उपकरणे (फाइलला डिस्कसारखे दाखवणारी उपकरणे) तयार करतो. त्यानंतरही ‘एलव्हीएम२ मेंबर’ असा प्रकार दिसला, तर तिथे फाइलसिस्टिम नसून एलव्हीएम हा डिस्कची जागा वाटून देणारा आणखी एक थर आहे, व आधी व्हॉल्यूम ग्रुप सक्रिय करावा लागतो.

फक्त-वाचन पर्यायाने माउंट केले म्हणजे इमेजला धक्का लागत नाही, हा समज पूर्ण खरा नाही. एक्स्ट-४ची जर्नल (व्हायच्या बदलांची नोंद) अपुरी राहिलेली असेल, तर फक्त-वाचन माउंट करतानाही कर्नल ती इमेजवर लागू करतो. हे टाळण्यासाठी लूप उपकरणच फक्त-वाचन करावे आणि माउंटला सोबत ‘नोलोड’ पर्याय द्यावा. एक्सएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टिमसाठी ‘नोरिकव्हरी’ द्यावा. ज्या यंत्राची इमेज आहे त्याच यंत्रावर ती उघडत असाल, तर एक्सएफएस दुहेरी यूयूआयडीची (फाइलसिस्टिमच्या ओळख-क्रमांकाची) तक्रार करते व तिला ‘नोयूयूआयडी’ लागते. बीटीआरएफएसच्या बाबतीत मामला अधिक गंभीर आहे: मूळ फाइलसिस्टिम जोडलेली असताना तिचीच हुबेहूब प्रत जोडल्यास कर्नल दोघींत गल्लत करू शकतो आणि माहिती बिघडू शकते, त्यामुळे ती दुसऱ्या यंत्रावर उघडणेच बरे.

दरवेळी संपूर्ण इमेज उलगडावी लागत असेल, तर साठवण्याचे स्वरूपच बदलणे शहाणपणाचे. जीझिपमध्ये मधल्याच जागी उडी मारून वाचण्याची सोय नाही, पण रॉ (जशीच्या तशी) इमेज स्क्वॉशएफएस या कॉम्प्रेस केलेल्या, फक्त-वाचन फाइलसिस्टिममध्ये ठेवली तर आधी स्क्वॉशएफएस आणि मग तिच्यातली इमेज अशी दोनदा माउंट करून काम भागते, व उलगडलेल्या प्रतीसाठी वेगळी जागा लागत नाही. क्यूकाऊ-२ या आभासी यंत्रांसाठीच्या स्वरूपातली कॉम्प्रेस केलेली इमेज क्यूईएमयू-एनबीडी या साधनाने फक्त-वाचन जोडता येते.

काम संपल्यावर उलट क्रमाने सोडवावे: आधी अनमाउंट, मग एलव्हीएम असल्यास तो निष्क्रिय, शेवटी लूप उपकरण. ‘टार्गेट इज बिझी’ असे आले, तर बहुधा कुठल्या तरी टर्मिनलची चालू डिरेक्टरी अजून त्या माउंटच्या आतच असते. एलएसओएफ किंवा फ्यूजर या कमांडने ती सापडते. लूप न सोडता इमेज फाइल पुसली, तर नाव जाते पण डिस्कवरची जागा मोकळी होत नाही, आणि लॉसेटअपच्या यादीत त्या फाइलपुढे ‘डिलीटेड’ असे दिसत राहते.