एकच पाणी, दोन मथळे: राजकीय बातम्या कुठून आणि कशा वाचाव्यात

“निःपक्ष चॅनल कोणतं, तेवढं सांग,” असं आमचे परभणीचे दाजी दर निवडणुकीला विचारतात. तसं एकही नाही म्हटलं की त्यांचा हिरमोड होतो. मग मी त्यांच्यापुढे जायकवाडी मांडतो, म्हणजे गोदावरीवरचं पैठणचं धरण.

30 ऑक्टोबर 2023 ला गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाने वरच्या धरणांतून जायकवाडीत सुमारे 8.6 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडण्याचा आदेश काढला. आदेश एक, आकडा एक. इकडे पैठणला उभं राहून पाहिलं तर ते हक्काचं पाणी, तिकडे नाशिक-नगरला उभं राहून पाहिलं तर पळवलेलं. खोटं कुणीच बोलत नाही. पेपर जिथे खपतो तिथल्या वाचकाच्या बाजूने झुकतो, एवढंच.

म्हणून पहिली पायरी: दोन्ही काठांवरचं वाचा. एखाद्या मोठ्या दैनिकाचं ई-पेपर उघडा आणि पाण्याच्या वादाच्या दिवसांत त्याची संभाजीनगर आणि नाशिक आवृत्ती शेजारी ठेवा. मालक तोच, नाव तेच. आता क्रियापद बघा: पाणी ‘सोडलं’, ‘मिळवलं’ की ‘पळवलं’? पहिली प्रतिक्रिया कोणाची घेतलीय? आणि गाळलंय काय? त्या वर्षी लागू असलेला नियम असा होता की, खरिपाचा वापर धरून 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचं. ही एक ओळ बातमीत नसेल तर उरतो तो फक्त आरडाओरडा.

आकड्यांकडेही जरा थांबून बघा. जायकवाडीचा एकूण साठा सुमारे 102 टीएमसी, त्यातला उपयुक्त 76. उरलेले 26 मृतसाठा, म्हणजे तळाचं, एरवी सोडता न येणारं पाणी. ‘धरण निम्मं भरलं’ असं कुणी लिहिलं तर विचारायचं, कशाच्या निम्मं? एकूण साठ्याच्या निम्मं म्हणजे 51, त्यातून मृतसाठा वजा जाता 25, म्हणजे उपयुक्त साठा जेमतेम 33 टक्के. सत्ताधाऱ्याला पहिला आकडा आवडतो, विरोधकाला दुसरा. दोघंही खरेच.

दुसरी पायरी, मूळ कागद. 2 सप्टेंबर 2025 चा हैदराबाद गॅझेटचा जीआर, म्हणजे मराठा समाजाच्या कुणबी दाखल्यांबद्दलचा शासन निर्णय आठवा. त्या रात्री गावोगावच्या ग्रुपवर ‘सगळं मिळालं’ आणि ‘काहीच मिळालं नाही’ हे दोन्ही निरोप एकाच वेळी फिरत होते. जीआर वाचलेला माणूस शोधावा लागला असता. चौकशीसाठी ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी यांची गावपातळीवरची समिती, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. राज्य शासनाच्या संकेतस्थळावर ‘शासन निर्णय’ असा विभाग आहे. तिथे खातं आणि तारीख टाकली की पीडीएफ मिळते. प्रत्येक जीआरला संकेतांक असतो. व्हॉट्सॲपवर आलेल्या कागदावर तो नसेल किंवा तिथे टाकून कागद सापडत नसेल, तर पुढे पाठवू नका. उमेदवाराची मालमत्ता आणि गुन्हे यांसाठीही हाच मार्ग: निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर प्रतिज्ञापत्रं असतात. चॅनलवरच्या चर्चेपेक्षा ते वाचायला कमी वेळ लागतो, हे मी घड्याळ लावून पाहिलंय.

तिसरी पायरी, बातमीमागचा पैसा. मुखपत्राची मला भीती वाटत नाही. ‘सामना’ ठाकरेंच्या शिवसेनेचा, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं; त्या हिशेबानेच तो वाचायचा. भीती बिनचेहऱ्याच्या मजकुराची. 2009 च्या विधानसभेला तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण नांदेड जिल्ह्यातल्या भोकरमधून उभे होते. त्यांच्या कौतुकाचा एक मजकूर तीन स्पर्धक मराठी दैनिकांत जवळपास शब्दशः सारखा छापून आला, हे पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिलं आणि ‘पेड न्यूज’ (पैसे घेऊन छापलेली बातमी) हा शब्द देशभर झाला. चव्हाणांनी आरोप नाकारले. 2014 मध्ये आयोगाने त्यांच्या खर्चाच्या हिशेबावर ठपका ठेवला. तो आदेश त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केला. निकाल काहीही असो, साईनाथांची पद्धत आपल्या कामाची आहे. बातमीतलं एक लांब वाक्य उचला, अवतरणचिन्हांत घालून गूगलवर शोधा. तेच वाक्य चार पोर्टलांवर, बातमीदाराचं नाव कुठेच नाही? मग ती बातमी नाही, प्रेसनोट आहे. पोर्टलवर संपादकाचं नाव-पत्ताच नसेल तर एवढेही कष्ट घेऊ नका.

आता फोन. यूट्यूब तुम्हाला कालचंच आज वाढून देतं. त्यामुळे सुचवलेल्या व्हिडिओवर बोट न ठेवता स्वतः नाव टाइप करून शोधा. दोन बाणांचा ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ निरोप आला तर आधी फॅक्ट क्रेसेंडो किंवा न्यूजचेकर या खरं-खोटं तपासणाऱ्या संकेतस्थळांच्या मराठी पानावर बघा. तिथे नाही म्हणून खरं असंही नाही, पण जुने व्हिडिओ बरेचदा तिथे पकडलेले सापडतात.

यादी लहान ठेवा. माझी अशी: जिल्ह्याच्या पानासाठी एक दैनिक, मला न पटणाऱ्या बाजूचं एक, आणि एक गावातला माणूस जो तालुक्याच्या बैठकांना खरोखर जातो. तिसरा सगळ्यांत उपयोगी. सेलूच्या बाजाराला गेलो की त्याच्याकडे चहा होतोच.

दाजींनी परवा फोन केला. दोन आवृत्त्या उघडून बसले होते. म्हणाले, “अरे, नाशिकवाल्यांचंबी थोडं खरं दिसतंय की.” आणि लगेच, “पण हे ग्रुपवर टाकू नको.”