साइन-ऑफ (कॉन्ट्रॅक्ट संपून बोटीवरून उतरणं) लांबलं तर बोटीवर कसं राहायचं

2020 साली मी बल्क कॅरिअरवर (सुटा माल नेणाऱ्या बोटीवर) चीफ कुक होतो. कॉन्ट्रॅक्ट 9 महिन्यांचं, रत्नागिरीला घरी पोचलो तेव्हा तेरावा महिना चालू होता. त्या वर्षी जगभरात जवळपास 4 लाख खलाशी असेच अडकले होते. साथ परत आली, बंदरं परत बंद झाली, तर हे उपयोगी पडेल म्हणून लिहितोय.

रिलीव्हर, म्हणजे आपल्या जागी येणारा माणूस, बोटीवर चढेपर्यंत घरी तारीख सांगू नका. मी तीनदा सांगितली. तिसऱ्यांदा रद्द झाली तेव्हा मुलगी फोनवर यायलाच तयार नव्हती. मग तारखेचा विषयच सोडला आणि दर रविवारी ठरल्या वेळी फोन लावायला लागलो. तिला तेवढं पुरलं.

क्वारंटाइनमधल्या माणसाच्या दाराशी ताट ठेवून निघून जाऊ नका. आमचा नवा एबी (डेकवरचा खलाशी) बोटीवर रुजू होताच 14 दिवस केबिनमध्ये बंद होता. तिसऱ्या दिवशी ताट तसंच परत आलं, भात वाळून कडक झालेला. मी अ‍ॅलीवेत (केबिनबाहेरच्या बोळात) बादली पालथी घातली, मास्क लावून बंद दारापलीकडे बसलो आणि लसूण सोलता सोलता त्याच्याशी बोलत राहिलो. त्याच्या गावी पेरणी झाली का, बैल कोण बघतंय, असंच काहीबाही. पहिला दिवस मीच बोललो. दुसऱ्या दिवशी तो बोलायला लागला आणि पेज-लोणचं सगळं संपवलं. नंतर रोज पाळीपाळीने कुणीतरी त्या बादलीवर बसायचं.

दुखणं अंगावर काढू नका. आमच्या ऑयलरची (इंजिनरूममधल्या खलाशाची) दाढ सुजली आणि बंदराने त्याला उतरू दिलं नाही. मी लवंगा देत राहिलो, चुकलंच माझं. पहिल्याच दिवशी कॅप्टनला सांगायला हवं होतं. बोटीवरून डॉक्टरचा सल्ला रेडिओवर, सॅटेलाइट फोनवर रात्रंदिवस फुकट मिळतो. तो मागा आणि मागितल्याची नोंद करून घ्या.

वाढीव कॉन्ट्रॅक्टवर घाईघाईत सही करू नका. एमएलसी, म्हणजे खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे, 12 महिने व्हायच्या आत मालकाच्या खर्चाने घरी जाणं हा तुमचा हक्क आहे. 24 तासांत किमान 10 तास विश्रांती हाही हक्कच. थकलेल्या माणसाकडून विश्रांतीच्या तासांचे खोटे आकडे भरून घेतले जातात, ते भरू नका. रात्री डोकं फिरायला लागलं तर सीफेररहेल्प या खलाशांच्या हेल्पलाइनला फोन किंवा मेसेज करा. फुकट आहे, 24 तास चालू असतं आणि हिंदीतही बोलता येतं.

सामान भरताना बीपी-शुगरच्या गोळ्या कॉन्ट्रॅक्टपेक्षा 4 महिने जास्तीच्या घ्या, चिठ्ठीसकट. चष्मा जास्तीचा एक ठेवा. आणि घरचा मसाला दुप्पट न्या. आमचा सातव्या महिन्यातच संपला होता.