चिखलाच्या बाटलीत बॅक्टेरियांची वस्ती कशी वसवायची

शाळेत किंवा सोसायटीत बॅक्टेरिया दाखवूया म्हटलं की पहिला प्रश्न येतो, मायक्रोस्कोप कुठनं आणायचा? नको आणायला. एकटा बॅक्टेरिया डोळ्याला दिसत नाही हे खरं, पण कोट्यवधी एका जागी जमले की त्यांचे रंगीत पट्टे स्पष्ट दिसतात. ही आयडिया सर्गेई विनोग्राद्स्की या कीव्हमध्ये जन्मलेल्या शास्त्रज्ञाची, १८८० च्या दशकातली, आणि मला विचाराल तर लोकांची बॅक्टेरियांशी ओळख करून द्यायला याहून चांगला मार्ग नाही.

सामान: एक लिटरच्या दोन पारदर्शक बाटल्या (तोंडाकडचा निमुळता भाग कापून टाका), तळ्याच्या नाहीतर ओढ्याच्या काठचा चिखल, तिथलंच पाणी, जुना पेपर, दोन अंडी. गटाराचा चिखल अजिबात घेऊ नका, आणि हातमोजे घाला, हाताला जखम असेल तर हे काम दुसऱ्याला द्या.

१. चिखलातले दगड, काड्या, पानं काढा आणि पाणी घालून इडलीच्या पिठाइतका सैल करा.

२. यातला तिसरा हिस्सा वेगळा घेऊन त्यात पेपरचे बारीक तुकडे, अंड्यांचे कच्चे बलक आणि चुरलेली टरफलं कालवा. कागदातून सेल्युलोज, बलकातून गंधक आणि टरफलातून कॅल्शियम कार्बोनेट मिळतं, म्हणजे वस्तीला शिधा भरला.

३. हे मिश्रण दोन्ही बाटल्यांच्या तळाला, वर साधा चिखल, मग दोनेक बोटं पाणी. प्रत्येक थरानंतर बाटली टेबलावर हळू आपटा, हवेचे बुडबुडे राहायला नकोत.

४. तोंडावर प्लास्टिक लावून रबर बँड घाला, पण सैल, गच्च बंद करू नका कारण आत गॅस तयार होतो.

५. एक बाटली उजेडाच्या खिडकीत ठेवा, दुपारचं कडक ऊन नको, नाहीतर आतलं सगळं शिजेल. दुसरीला काळा कागद गुंडाळून शेजारीच ठेवा. तारीख लिहा, दर आठवड्याला फोटो काढा.

आता धीर धरा, सुरुवातीला नुसता चिखलच दिसेल. आत मात्र कागद खाणारे बॅक्टेरिया कामाला लागलेले असतात, तळाचा ऑक्सिजन संपतो, मग ऑक्सिजनशिवाय जगणारे दुसरे पुढे येतात आणि सल्फेटपासून (म्हणजे गंधकाच्या क्षारापासून) हायड्रोजन सल्फाइड बनवतात, तोच तो सडक्या अंड्याचा वास. चिखलातल्या लोखंडाशी त्याचा संयोग झाला की तळ काळा पडतो.

साधारण चार ते आठ आठवड्यांत उजेडातल्या बाटलीत खरी मजा दिसते. हायड्रोजन सल्फाइड वर सरकतो आणि तो वापरून, सूर्यप्रकाशावर जगणारे हिरवे गंधक-बॅक्टेरिया खालच्या बाजूला, जांभळे त्यांच्या जरा वर पट्टा धरतात, कारण हिरव्यांना हा वायू जास्त सोसतो. अगदी वरच्या पाण्यात शेवाळ आणि ऑक्सिजन सोडणारे सायनोबॅक्टेरिया. एकाचं टाकाऊ ते दुसऱ्याचं जेवण, आणि हे सगळं एका बाटलीत! पट्टे पुस्तकातल्यासारखे सरळ येतीलच असं नाही, कधी नुसते ठिपके येतात, तेही बघण्यासारखे असतात.

मग सगळ्यांसमोर दुसऱ्या बाटलीचा काळा कागद काढा. तिथे काळा तळ असेल, पण हिरवे-जांभळे पट्टे नसतील, उजेडाचं काम काय ते लहान मुलालाही लगेच कळतं.

कोकणात किंवा मुंबईत असाल तर खाडीच्या चिखलाची अजून एक बाटली भराच, खाऱ्या पाण्यात सल्फेट भरपूर असतं. वरचं पाणी आटलं की थोडं घालत राहा, बाटली महिनोन्महिने जिवंत राहते.