पोर मोठं होतं ती कथा लिहायची कशी

पोराच्या मोठं होण्यावर कथा लिहायला घेतली की आपण कोकणातले लोक पहिलं काय करतो, तर वादळ आणतो. होडी बुडते, बाप जातो आणि शेवटच्या ओळीत पोर म्हणतं, त्या रात्री मी मोठा झालो. मीपण हेच केलेलं. पहिली कथा आत्याला वाचून दाखवली तर ती म्हणाली, "वादळ इला ता कळला, पण पोराचा काय झाला?" आता लिहायला बसलो की वहीच्या वरच्या कोपऱ्यात आधी तो प्रश्न लिहितो.

तर संकट जरा बाजूला ठेवा आणि त्याआधी पोराचा कशावर भरवसा होता ते ठरवा. 'निरागस होतं' एवढ्याने काही होत नाही, 'बाबा मुंबईत आहेत म्हणजे पैसे येणारच' हे चालेल. समजा साल १९८२. १८ जानेवारीला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, त्यात आपल्याकडचे चाकरमानी कितीतरी, आणि इकडे घरं चालायची ती मनीऑर्डरवर. तुमचं पोर दहा वर्षांचं, मालवणजवळच्या एखाद्या वाडीतलं. त्याला संप, युनियन यातलं काही कळत नाही आणि तुम्हीही ते त्याच्या तोंडी घालू नका, त्याला फक्त पोस्टमन कळतो. पहिल्या पानावर पोस्टमनची सायकल दिसली की ते खळ्यातून धावत सुटतं. चार पानांनी तीच सायकल येते तेव्हा ते पडवीत बसून राहतं, मान वर करत नाही. मधे काय झालं ते समजावून सांगायची गरजच नाही.

आता मुख्य प्रसंग, आणि याला वेळ द्या, घाई करू नका. आई पिशवी देऊन तांदूळ आणायला पाठवते. दुकानदार वाईट माणूस नाही, त्याला व्हिलन केलात तर कथा तिथेच संपली, कारण मग सगळा दोष त्याचा होतो आणि पोराला काही करायला उरत नाही. तो फक्त उधारीची वही काढतो, पानं उलटतो, बाकी गिऱ्हाइकं बघतायत, आणि हळूच म्हणतो, "आयेक सांग, आधीचा थोडा तरी भागवा." पोर रिकामी पिशवी घेऊन घरी येतं आणि म्हणतं, "दुकान बंद आसा." आईला ओट्यावरून दुकानातला दिवा दिसतोय. ती काही बोलत नाही, पेजेत पाणी वाढवते.

माझ्या मते पोर मोठं होतं ते इथे. जगाने त्याला काय केलं यापेक्षा त्याने पहिल्यांदा स्वतःहून काय केलं हे शोधा. आजवर मोठी माणसं त्याला सांभाळत होती, आज त्याने आईला सांभाळलं, तेही खोटं बोलून, आणि आईने ते खोटं ठेवून घेतलं. दोघांनाही आता मागे जाता येत नाही.

गोष्ट कोण सांगतंय ते आधीच पक्कं करा. पालगडच्या साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली, तिथे मोठा झालेला श्याम मागे वळून सांगतो, म्हणून त्याला अर्थ लावायची मुभा आहे. तुमचं पोर आत्ता दहा वर्षांचं असताना सांगत असेल तर ही मुभा नाही, त्याने दिवा, वही, पिशवी एवढंच सांगायचं.

वादळच हवं असेल तर त्याच्या नंतरची वर्षं लिहा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात श्रीवर्धन, दापोलीकडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पोफळ परत लावली तर धरायला पाच-सात वर्षं तरी जातात, म्हणजे दहा वर्षांच्या मुलीने आजोबांबरोबर लावलेलं रोप धरेल तेव्हा ती कॉलेजात असेल, आणि आजोबा असतील की नाही कोण जाणे. एवढा काळ वाचकाला जाणवू द्या, शिंपण लिहा, मेलेली रोपं उपटणं लिहा.

आणि कृपा करून दुःखाचं मेडल करू नका. हाल सोसले म्हणून पोर समजूतदारच होतं असं नाही, काही कंजूस होतात, काही धाकट्या भावाला मारायला लागतात. आपल्या पोरानेही कुठेतरी वाईट वागावं आणि आपण ते झाकू नये.

लिहून झालं की 'मोठा झालो' असं जिथे जिथे असेल ते खोडा आणि कथा घरातल्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. ऐकून ते नुसतं 'बिचारं' म्हणाले तर परत दुकानाच्या प्रसंगापाशी जा. 'आईला कळलं होतं ना रे?' असं विचारलं तर हात लावू नका.